आई-बाबांचं ग्रीनकार्ड : आय-८६४ चा हिशोब आणि जॉइंट स्पॉन्सरची सही

माडाखाली

नमस्कार मंडळी,

आई-बाबांच्या दोन्ही आय-१३० (नातेवाइकाला आणण्याचा अर्ज) मंजूर होऊन केसेस एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर) आल्यात. व्हिसाची फी प्रत्येकी ३२५ डॉलर आणि आय-८६४ च्या (अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, म्हणजे येणाऱ्याला सांभाळायची हमी) छाननीचे १२०, भरून झाले. डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) पण होत आलाय. (त्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात. बाबांची बदलीची नोकरी. कोणत्या साली कुठे होतो यावरून आई-बाबांची जी जुंपली, ते असो.)

घोडं अडलंय आय-८६४ वर. मी सिटिझन, ओहायोत भाड्याच्या घरात राहतो. घरात मी, बायको, शाळेत जाणारी दोन मुलं. मागच्या वर्षी नोकरी होती, रिटर्नवर ९१ हजार दिसतात. यंदा लेऑफमध्ये ती गेली. आता १०९९ वर (कंत्राटी कमाईचा टॅक्स फॉर्म) कॉन्ट्रॅक्टची कामं घेतो, वर्षाचे ४८ हजारांच्या आसपास पडतील.

मागच्या वर्षीचा रिटर्न चांगला आहे, तोच जोडला तर चालून जाईल का?

टेक्ससचा मावसभाऊ जॉइंट स्पॉन्सर (माझ्या जोडीला हमी देणारा) व्हायला तयार आहे. फोनवर लगेच म्हणाला, "नुसती सहीच तर करायचीय, पाठवून दे." पण मागून वहिनींनी विचारलं, "सही नेमकी कशावर?" मला धड सांगता आलं नाही.

बाबांची साताऱ्याला एफडी आहे, थोडी शेती आहे. त्याचा काही उपयोग होतो का?

जाणकारांनी मदत करावी.


रेवडी

आधी घरातली डोकी मोजा, मग पैशांकडे या. तुम्ही, पत्नी, दोन मुलं म्हणजे चार. त्यात आई-बाबा.

आई आणि बाबा एका अर्जात बसत नाहीत. सिटिझनच्या आई-वडिलांच्या कॅटेगरीत सोबतचं माणूस आपोआप येत नाही, म्हणून तर तुम्ही दोन आय-१३० भरल्यात. तशीच दोन आय-८६४ लागणार, बाबांच्या केसमध्ये बाबांची आणि आईच्या केसमध्ये आईची. काटेकोर नियमाने एकाचं ग्रीनकार्ड होईपर्यंत दुसऱ्याच्या फॉर्मवर घर पाच माणसांचं धरायला हरकत नाही. पण इंटरव्ह्यू बहुधा दोघांचा एकत्रच होतो, आणि समोरच्या अधिकाऱ्याला दोघं दिसत असतात. मी तरी सहा धरूनच हिशोब करीन.

२०२५ च्या तक्त्यात पाच माणसांना ४७,०६२ डॉलर, सहा जणांना ५३,९३७. हे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांचे आकडे आहेत. अलास्का आणि हवाईचे वेगळे. आय-८६४पी नावाचा एका पानाचा तक्ता दरवर्षी नवा निघतो, भरायच्या दिवशी तोच उघडून बघा, माझ्या पोस्टवर विसंबू नका.

रिटर्नबद्दल : फॉर्म सध्याचं वार्षिक उत्पन्न विचारतो, मागच्या वर्षीचं नाही. रिटर्न हा त्याला आधार. नोकरी गेलेली असताना ९१ लिहिणं म्हणजे शपथेवर खोटं लिहिणं. इंटरव्ह्यूला ताजी पे-स्लिप मागितली की तिथेच गाडी थांबते.


घाटमाथा

ते ४८ हजार ढोबळ की निव्वळ? १०९९ वर जो आकडा छापून येतो तो उत्पन्न नव्हे. रिटर्नमधल्या शेड्यूल सी वर खर्च वजा जाऊन जे उरतं ते धरायचं. टॅक्स वाचवायला आपण गाडी, लॅपटॉप, घरातली ऑफिसची खोली सगळं खर्चात टाकतो. आयआरएसपुढे (टॅक्स खातं) जितके गरीब, तितकेच एनव्हीसीपुढेही गरीब. दोन्हीकडे वेगवेगळं सांगता येत नाही.


माडाखाली

निव्वळ काढलं तर ४१ हजारांच्या आसपास येतंय. म्हणजे सहा जणांना जवळजवळ १३ हजार कमी.


टवाळ_पोर

एक बालिश शंका. अ‍ॅफिडेव्हिट आहे म्हणता, मग अमेरिकेत शंभराचा स्टॅम्प पेपर कुठे मिळतो? आणि कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले काका?


शमिका_जर्सी

@टवाळ_पोर, ना स्टॅम्प पेपर, ना नोटरी. हसू नका, माझ्या सासऱ्यांनी हट्टाने नोटरीचा गोल शिक्का मारून घेतला होता. बिघडत काही नाही, उपयोगही काही नाही. शाईने सही करायची आणि स्कॅन करून चढवायचं. सहीच्या जागी नाव टाइप केलं तर मात्र परत येतं.

@माडाखाली, उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते, पण ती एकास एक धरत नाहीत. आई-वडील, भाऊ-बहीण अशा केसमध्ये तुटीच्या पाचपट लागते. सिटिझनने नवरा-बायकोसाठी भरलं असेल तर तिप्पट. तुमची तूट १२,९३७, त्याच्या पाचपट ६४,६८५ डॉलर. एवढी शिल्लक असेल तर प्रश्न मिटला. वर्षाच्या आत रोख होऊ शकेल असंच धरायचं. बँक, शेअर, सीडी (तिकडची मुदत ठेव) चालतात. स्वतःचं घर असतं तर बाजारभावातून कर्ज वजा करून उरलेलं धरलं असतं. गाडी एकच असेल तर ती नाही.


माडाखाली

बचत २२ हजार. म्हणजे नाहीच. मग मावसभाऊच गाठायचा?


रेवडी

घाई कशाला? पत्नी काही कमावतात का?


माडाखाली

शाळेत अर्धवेळ मदतनीस आहे. डब्ल्यू-२ वर (पगाराचा टॅक्स फॉर्म) वर्षाचे साडेचौदा हजार. पण ती तर ग्रीनकार्डवर आहे, सिटिझन नाही.


रेवडी

सिटिझन असायची गरज नाही. तुमच्याच घरात राहते, पत्नी आहे, पुरे. तिचं उत्पन्न जोडायला आय-८६४ए भरायचा, त्यावर दोघांच्याही सह्या. ४१,००० अधिक १४,५०० म्हणजे ५५,५००. लागतात ५३,९३७. बसतंय.

रिटर्न तुम्ही एकत्र भरत असाल. आयआरएसची ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा गोषवारा) ऑनलाइन फुकट मिळते, तीच जोडा, १०४० च्या (म्हणजे भरलेल्या रिटर्नच्या) झेरॉक्सपेक्षा सुटसुटीत पडते. मात्र एकत्र रिटर्नवर कोणी किती कमावले ते कळत नाही, म्हणून पत्नीचा डब्ल्यू-२ आणि तुमचे १०९९ सोबत द्या. राज्याचा रिटर्न कोणी मागत नाही, उगाच जाडी वाढवू नका.


घाटमाथा

बसतंय खरं, पण दीड हजाराच्या फरकाने. एक कॉन्ट्रॅक्ट हातचं गेलं की गेलं. ती २२ हजारांची बचत पण लिहा. पाचाने भागा, ४,४०० होतात, म्हणजे हिशोबात जवळपास ५९,९०० धरल्यासारखे. बँकेचं पत्र किंवा गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट जोडा. आदल्या आठवड्यात कोणीतरी उसने टाकलेले पैसे त्यात लगेच उठून दिसतात.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी आणखी एक करावं. चालू कामाचं पत्र घ्यावं, कधीपासून आहे, कुठपर्यंत आहे, दर काय. सोबत यंदाचा आजवरचा जमा-खर्च. नोकरदाराचं काम मालकाच्या एका पत्रावर भागतं, आपल्याला चार कागद लागतात.


दारव्हेकर_काका

मध्येच विचारतो, माफ करा. आमची केस वेगळी आहे. ताई इलिनॉयला असते, तिने २००६ साली माझ्यासाठी अर्ज केला होता. आता कुठे हालचाल दिसते आहे. तेव्हा ताई-भाऊजी दोघंही नोकरीत होते, आता दोघंही रिटायर. सोशल सिक्युरिटीवर घर चालतं. मी, बायको आणि धाकटी मुलगी जाणार. (थोरला एकविसावर गेला, त्याचं काय ते अजून वकिलाकडे आहे.) ताईचं उत्पन्न पुरणार नाही असं भाचा म्हणतो. मग अर्ज बाद का?


शमिका_जर्सी

काका, बाद नाही. भावंडांच्या रांगेत भारताची हीच गत आहे, अर्ज करतो तरुण माणूस आणि नंबर लागेपर्यंत तो पेन्शनर.

सोशल सिक्युरिटीचं पेन्शन उत्पन्नात धरतात. त्यावर टॅक्स लागत नसेल आणि म्हणून रिटर्नवर नीट दिसत नसेल, तर एसएसए-१०९९ (त्या पेन्शनचा वार्षिक दाखला) जोडायचा. ताई-भाऊजी दोन आणि तुम्ही तिघे, पाच माणसं, ४७,०६२. भाऊजींचं पेन्शन आय-८६४ए ने जोडता येईल. तरी कमी पडलं तर भाच्याला जॉइंट स्पॉन्सर करा.

ताईंना मात्र स्वतःचा आय-८६४ भरावाच लागेल, उत्पन्न शून्य असलं तरी. अर्ज ज्याने केला त्याची सुटका नाही. भाच्याचा फॉर्म त्याच्या जोडीला येतो, त्याच्या जागी नाही. भाचा वेगळा राहत असेल तर त्याच्या घरची माणसं अधिक तुम्ही तिघे, एवढ्यांचे १२५ टक्के त्याच्याच घरच्या उत्पन्नात बसले पाहिजेत. ताईंचं थोडं आणि भाच्याचं थोडं अशी गोळाबेरीज करता येत नाही.


दारव्हेकर_काका

आभारी आहे. नागपूरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, कर्ज फिटलेलं. तो मोजतात का? फ्लॅट तर जाणाऱ्याचा, स्पॉन्सरचा नाही.


घाटमाथा

जाणाऱ्याची मालमत्ता सुद्धा चालते. सरकारमान्य मूल्यांककाचा रिपोर्ट घ्या, मालकीचे कागद जोडा, कोणाचा बोजा नाही हे दाखवा. आणि मुख्य म्हणजे ते पैसे देशाबाहेर नेता येतात हे. इथून गेल्यावर तुम्ही एनआरआय होता, फ्लॅटचे पैसे एनआरओ (अनिवासींच्या रुपयांतल्या) खात्यात येतात आणि तिथून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आयकर खात्याचे लागणारे फॉर्म भरून. फ्लॅट वर्षाच्या आत विकला जाईल असा भाग असला पाहिजे.

तरी माझं मत विचाराल तर भाचा पुढे करा आणि फ्लॅट पाठीशी ठेवा. अधिकाऱ्याला उत्पन्नाचा साधा आकडा बघायला आवडतो. रुपयांतलं मूल्यांकन, विनिमयाचा दर, पाचपट, हे सगळं त्याला त्या दोन मिनिटांत करायला लावू नये.


रेवडी

याच ओघात @माडाखाली, तुमच्या साताऱ्याचं. बाबांची एफडी चालेल. दोघांच्या नावावर असेल तर बरंच, कारण आईची केस वेगळी आहे. भारतात राहणाऱ्याला एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची पैसे बाहेर पाठवायची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, त्यामुळे नेता येण्याचा प्रश्न नाही. पण पाचपटीचा नियम तिलाही लागू. म्हणजे २५ लाखांच्या एफडीने जेमतेम पाच-सहा हजार डॉलरची तूट भरते.

शेतीचं विसरा. सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी चुलत्यांची, आत्यांची नावं एकत्र असतात. वाटणीपत्र झालेलं नसतं. विकायची तर महाराष्ट्रात घेणारा शेतकरी हवा. वर्षात रोख होईल असं कोण म्हणेल? एका सल्लागाराने आमच्या ओळखीत सातबारा, आठ-अ, सोन्याच्या पावत्या, वडिलांच्या मुदत ठेवी, सगळ्याचं सीएकडून नेटवर्थ सर्टिफिकेट करून जाडजूड फाईल बनवली आणि भरपूर पैसे घेतले. टुरिस्ट व्हिसाला तशी फाईल न्यायची सवय आहे लोकांना, तीच इथे चालवली. मुलाचा पगार सव्वा लाख डॉलर होता. त्याची ट्रान्सक्रिप्ट आणि नोकरीचं पत्र पुरेसं होतं.


माडाखाली

सगळ्यांचे आभार. मग मावसभावाची गरज नाही असं दिसतंय. तरी वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मला हवंच आहे, उद्या मलाच कोणी सही मागितली तर?


अनुराधा_ग

मी इमिग्रेशनची वकील नाही, पण चुलत दिराच्या केसमध्ये जॉइंट स्पॉन्सर व्हायच्या आधी फॉर्म अक्षरन्‌अक्षर वाचला होता. वहिनींनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय.

सही करारावर आहे, आणि तो करार अमेरिकन सरकारशी आहे. ज्याच्यासाठी सही केली त्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली गेलं तर ते तिथपर्यंत आणायची जबाबदारी माझी. त्याने मेडिकेड, एसएसआय, फूड स्टॅम्प असे उत्पन्न बघून मिळणारे लाभ घेतले तर ते देणारी संस्था माझ्याकडून वसूल करू शकते. आणि ज्याला आणलं तो माणूस सुद्धा कोर्टात जाऊन माझ्याकडे आधार मागू शकतो. सरकारी वसुली क्वचितच ऐकायला मिळते. घटस्फोट झालेल्या जोडीदाराने याच फॉर्मवरून दावा लावल्याची उदाहरणं मात्र आहेत. घटस्फोटाने ही जबाबदारी संपत नाही, हे लोकांना तेव्हा कळतं.

कधी संपते? तो माणूस सिटिझन झाला, किंवा त्याच्या नावावर कामाची ४० क्वार्टर्स जमा झाली (साधारण दहा वर्षांची नोकरी), किंवा तो ग्रीनकार्ड सोडून कायमचा परत गेला, किंवा वारला. सत्तरीतल्या सासू-सासऱ्यांची ४० क्वार्टर्स कुठून व्हायची? म्हणजे सिटिझनशिप होईपर्यंत, ती परीक्षा त्यांनी दिली तर. बरेच आई-बाबा दोन हिवाळे काढून "आपलं सातारच बरं" म्हणून परत जातात. तेव्हा आय-४०७ भरून कार्ड रीतसर परत केलं तर सही करणाराही मोकळा होतो. नुसतं विमानात बसून गेलं आणि कार्ड कपाटात पडून राहिलं, तर कागदोपत्री गुंता तसाच.

यापेक्षा जवळचा मुद्दा कोणी सांगत नाही. मावसभावाने सही केली की तुमचे आई-बाबा ग्रीनकार्ड मिळाल्या दिवसापासून त्याच्या घरच्या माणसांत मोजले जातात. उद्या वहिनींच्या आईसाठी त्याला सही करायची झाली तर त्याच्या फॉर्मवर आधी ही दोन डोकी लिहावी लागतील. दर डोक्यामागे २०२५ च्या तक्त्यात ६,८७५ डॉलर वाढतात. जबाबदारी संपेपर्यंत हे चालू. वहिनींच्या प्रश्नामागे हेच असेल असं मी म्हणत नाही, पण असलं तर त्यात गैर काय?

शिवाय पत्ता बदलला की ३० दिवसांत आय-८६५ भरून कळवायचं. न कळवल्यास दंड आहे, अडीचशे डॉलरपासून पुढे. किती जण कळवतात ते विचारू नका.

मी सही केली. पण दीर-जावेसोबत बसून त्यांच्या हेल्थ इन्शुरन्सचं काय करणार हे आधी बोलले. ते ऐकायला कडू वाटलं तेव्हा त्यांना.


टवाळ_पोर

बापरे. आमच्याकडे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहताना एवढं वाचत नाहीत.


अनुराधा_ग

म्हणून तर जामीनदाराच्या घरी नोटीस येते. :)


घाटमाथा

अनुराधाताईंनी इन्शुरन्सचं काढलं ते फार महत्त्वाचं. आय-८६४ मध्ये त्याची रक्कम कुठे येत नाही, पण आई-बाबांना आणणाऱ्याचं कंबरडं तिथेच मोडतं. ६५ च्या पुढच्या ग्रीनकार्डधारकाने अमेरिकेत काम केलेलं नसेल तर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) विकतसुद्धा मिळत नाही. मधली पाच वर्षं मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) प्लॅन किंवा खाजगी. तो हप्ता घरात कुठून निघणार हे आधी लिहून काढा. अधिकारी पण फक्त फॉर्म बघत नाही. कायद्यानेच त्याला वय, तब्येत, शिक्षण, घरची परिस्थिती हे सगळं मिळून बघायला सांगितलंय. बाबांची बायपास झालेली असेल आणि तुमचं उत्पन्न काठावर असेल तर तो जॉइंट स्पॉन्सर मागू शकतो.


माडाखाली

बायपास नाही, शुगर आहे दोघांना. मग भावाचा फॉर्म आत्ताच तयार करून ठेवू?


रेवडी

माझ्या मते नको. आधी तुमचा आणि पत्नीचा चढवा. एनव्हीसी कागद पूर्ण आहेत का तेवढं बघतं. उत्पन्न कमी वाटलं तर तसा शेरा मारतं, पण अंतिम निर्णय मुंबईत बीकेसीला खिडकीपलीकडच्या माणसाचा. तिथे त्याला पटलं नाही तर २२१(जी) चं पत्र देतो, त्यात जॉइंट स्पॉन्सर आणा असं लिहिलेलं असतं. व्हिसा नाकारला असं समजून रडारड करू नका, कागद आणून दिला की केस पुढे सरकते. भावाला आणि वहिनींना मात्र आत्ताच सांगून ठेवा की कदाचित लागेल आणि लागलं तर हे हे आहे. अनुराधा_ग यांची पोस्ट तशीच पाठवा.

उलट मत असणारे आहेत. ते म्हणतात, आई-बाबांना मुंबईच्या दोन खेपा कशाला, पहिल्यांदाच जॉइंट घालून टाका. तेही चूक नाही.


कर्वेरोड_रिटर्न

माझा प्रश्न उलट्या दिशेचा. मी सिटिझन, पण सहा वर्षं पुण्यात. इथेच लग्न झालं. आता बायकोला घेऊन परत जायचंय. पगार पुण्याच्या कंपनीचा, चांगला ४० लाख आहे. दोनच माणसं, २०२५ च्या तक्त्याने २६,४३७ लागतात. हे तर सहज व्हायला हवं ना?


शमिका_जर्सी

नाही होत. तो पगार तुम्ही पुणे सोडताच थांबणार. तीच कंपनी तुम्हाला तिकडच्या कामावर पाठवत असेल आणि तसं पत्र देत असेल तर धरतील. नाहीतर तिकडच्या नोकरीची ऑफर, नाहीतर मालमत्ता. जोडीदाराची केस म्हणून तिप्पट, ७९,३११ डॉलर, उत्पन्न शून्य धरलं तर. दोघांचं भारतातलं मिळून दाखवता येईल.

तुमची मोठी अडचण डोमिसाइल आहे. स्पॉन्सर अमेरिकेत राहणारा हवा. बाहेर असाल तर बायकोसोबत किंवा तिच्या आधी तिकडे राहायला जाताय हे दाखवावं लागतं. नुसतं "जाणार आहोत" म्हणून भागत नाही. बँक खातं चालू आहे, घर भाड्याने बघितलंय, नोकरीच्या मुलाखती दिल्यात, सामान पाठवायचं कोटेशन घेतलंय, पुण्याच्या कंपनीत राजीनामा दिलाय, असे कागद. काही जण आधी एकटे जाऊन घर-नोकरी बघतात आणि इंटरव्ह्यू मागाहून होतो. महागडं आहे, पण सगळ्यात पक्कं.

आणि अमेरिकेचे रिटर्न भरलेत का या सहा वर्षांत?


कर्वेरोड_रिटर्न

इथे टॅक्स भरतोच की. तिकडे कमाईच नव्हती.


घाटमाथा

सिटिझनला जगात कुठेही कमावलं तरी तिकडे रिटर्न भरावा लागतो, मर्यादेच्या वर उत्पन्न असेल तर. ४० लाख त्या मर्यादेच्या खूप वर आहेत. टॅक्स बहुधा शून्य येईल, फॉर्म २५५५ ने परदेशातला पगार वगळता येतो, पण भरणं चुकत नाही. आय-८६४ ला ताज्या वर्षाचा रिटर्न लागतोच, आणि भरायला हवा असून भरला नसेल तर आधी भरा मग पुढे. राहिलेल्या वर्षांचं एखाद्या जाणत्या सीपीएला (तिकडचा सीए) दाखवा, इथे विचारून करू नका.

एक गंमत दिसेल, घाबरू नका. २५५५ लावला की १०४० च्या एकूण उत्पन्नाच्या ओळीत शून्य किंवा अगदी किरकोळ आकडा येतो. तोच फॉर्मवर लिहायचा आणि सोबत २५५५ जोडायचा.


दारव्हेकर_काका

पुन्हा मीच. भाचा तयार झाला. सूनबाईंचंही उत्पन्न जोडायचं म्हणतात. एक विचारायला संकोच वाटतो, पण ताईचं वय ७४ आहे. मध्ये काही बरंवाईट झालं तर?


अनुराधा_ग

काका, विचारलंत ते बरं केलंत, अनेक जण विचारत नाहीत. अर्ज करणारी व्यक्ती गेली तर मंजूर अर्ज आपोआप रद्द होतो. पण माणुसकीच्या आधारावर तो पुन्हा चालू करा अशी विनंती यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खातं) करता येते. तेव्हा ताईंच्या जागी दुसरा स्पॉन्सर लागतो, आणि तो कोणीही चालत नाही, जवळचं नातं ठरवून दिलंय : जोडीदार, आई-वडील, सासू-सासरे, भावंडं, मुलं, जावई-सून, मेहुणे, आजी-आजोबा, नातवंडं, कायदेशीर पालक. हे नातं तुमच्याशी हवं, ताईंशी नव्हे. भाचा या यादीत येत नाही. जॉइंट स्पॉन्सरला नात्याची अट नाही, या जागेला आहे. तिकडे तुमचं आणखी सख्खं कोणी आहे का ते आत्ताच बघून ठेवा.


दारव्हेकर_काका

धाकटा भाऊ मिशिगनला असतो. त्याच्याशी बोलणं नाही गेली बरीच वर्षं.


अनुराधा_ग

मग आता फोन करा.


माडाखाली

अपडेट : दोन्ही फॉर्म आणि दोन्ही आय-८६४ए भरून झाले. वहिनींना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, लागली तर सही करू, पण माझ्या आईचा अर्ज पुढच्या वर्षी टाकायचाय, तो हिशोब आधी बसवून बघू. मावसभाऊ मागे गप्प होता.

एक बारीक शंका. बायकोचं माहेरचं नाव लग्नाच्या दाखल्यावर आहे, सोशल सिक्युरिटी आणि डब्ल्यू-२ वर माझं आडनाव. आय-८६४ए वर कोणतं?


रेवडी

डब्ल्यू-२ आणि ट्रान्सक्रिप्टवर जे आहे तेच. लग्नाचा दाखला जोडा, म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची हे आपोआप दिसतं. बाबांचं नाव मात्र पासपोर्टशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा, मधलं नाव गाळू नका. आणि चढवताना सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, क्रमाने, ज्यावर काही लिहिलेलं नाही ती सुद्धा. पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते, ती सगळीकडे एकच आहे ना ते बघा. जुन्या फॉर्मचं एखादं पान मध्ये घुसलं की परत येतं.